चिरंजीव रिवांश यांचे हार्दिक स्वागत

महाळुंगेच्या चौकात माझा दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर माझ्या फोटोखाली जे नाव होतं ते माझं नव्हतं. एवढं वाचून मी राजकारणात पडलो असं कुणाला वाटेल. तसं काही नाही. मी फक्त सोसायटीतल्या वयस्कर मंडळींना फेसबुक शिकवायला गेलो होतो.

मला कुणी शिकवा म्हणालं होतं का? नाही. पण निवृत्त होऊन सहा महिने झाले की माणसाला आपल्याजवळच्या ज्ञानाची फार काळजी वाटायला लागते. चाकणच्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं क्वालिटीत काढली. सकाळी शिफ्ट सुरू झाली की मशिनवरून निघालेला पहिला नग माझ्या टेबलावर यायचा. मी माप तपासायला गेज लावायचो, उजेडात धरून बघायचो, कागदावर सही करायचो आणि मगच मशिन पुढे चालायचं. सोनटक्क्यांची सही झाल्याशिवाय कंपनीतून काहीही बाहेर जात नाही, असं साहेब लोक म्हणायचे. जगात सगळीकडे असंच चालत असणार, कुठली तरी वस्तू बाहेर पडण्याआधी कुणीतरी ती तपासून सही करत असणार, अशी माझी समजूत होती. ही समजूत लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला.

"तुम्हाला येतं का पण फेसबुक?" माझ्या बायकोने, विजयश्रीने विचारलं.

"माझे तीनशे चाळीस मित्र आहेत."

"त्यातल्या किती जणांनी तुमच्या साठीला फोन केला?"

काही प्रश्नांना उत्तर न देणं हेच सभ्यपणाचं असतं. मी उठलो आणि सोसायटीच्या हॉलसाठी अर्ज लिहायला बसलो.

कासारवाडी स्टेशनच्या बाजूला आमची सोसायटी आहे. हॉल तळमजल्यावर. त्यात पंखे चार, पैकी दोन फिरणारे, आणि एक मोठा टीव्ही, जो मॅच सोडून कधी लागत नाही. सेक्रेटरी पाचारणे यांनी माझा अर्ज दोन वेळा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"वर्ग म्हणजे व्यावसायिक वापर आला, सोनटक्के."

"मी फुकट शिकवणार आहे हो."

"फुकट असला तरी वर्ग तो वर्गच. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. सभा दिवाळीनंतर." मग माझा चेहरा बघून त्यांनाच दया आली असावी. "एक करा. भजनी मंडळ म्हणून अर्ज द्या. धार्मिक कार्याला ठराव लागत नाही. फक्त मी अधूनमधून बघायला येईन. नियम म्हणजे नियम."

अशा रीतीने कासारवाडीतला पहिला सोशल मीडिया परिचय वर्ग श्रीकृपा भजनी मंडळ या नावाने सोमवारी सकाळी अकरा वाजता सुरू झाला. विजयश्रीने बाजूला दोन टाळ ठेवून दिले. लागले तर असावेत म्हणून.

पहिल्या दिवशी चारजण आले. त्यांतले दोघे चहा पिऊन गेले ते पुन्हा दिसले नाहीत. उरल्या दोघी. एक आमच्या वरच्या मजल्यावरच्या शालनबाई, ज्यांना कुठल्याही विषयावर आपलं मत आधी आणि माहिती नंतर असते. आणि दुसऱ्या ठकुबाई. ठकुबाई मूळच्या महाळुंगेच्या. त्यांच्या शेताच्या जागी आता गाड्यांचे आरसे बनतात, आणि त्या मुलाकडे, समाधानकडे, आमच्या बी विंगमध्ये राहतात. वय विचारलं तर म्हणाल्या, "धरनाचं काम निघालं तवा मी परकर नेसत व्हते." मी पंच्याहत्तर लिहिलं.

लिहिलं म्हणजे, मी प्रवेश अर्ज छापून घेतला होता. नाव, पत्ता, वय, पतीचे किंवा वडिलांचे नाव, मोबाईल, सही. कागद नसेल तर ते काम झालं हे सिद्ध कसं करणार?

"पतीचं नाव?" मी विचारलं.

ठकुबाईंनी पदर सारखा केला आणि टीव्हीकडे पाहिलं.

"पतीचं नाव सांगा, आजी."

"ते न्हाई घेत मी."

"अहो, उखाण्यात घ्या हवं तर," शालनबाई म्हणाल्या.

"उखान्यात बी न्हाई घेतलं. लग्नात समदे म्हनले घे घे, तर रडले मी. सासूबाई म्हनल्या, ऱ्हाऊ द्या. ते ऱ्हायलंच." मग माझी अडचण त्यांच्या लक्षात आली. "खुणेनं सांगते. आमच्या गावाच्या शिवेवर देव हाय बघा, शेंदूर लावलेला."

"म्हसोबा?"

"न्हाई वो."

"मारुती?"

"मारुती पारावर हाय." शेवटी त्यांनी महाळुंगेला आपल्या दिराला, कोंडीरामला, माझ्या फोनवरून फोन लावायला सांगितलं. त्याने उचलला नाही. रकाना कोरा राहिला. एकतीस वर्षांत एकही रकाना कोरा सोडला नव्हता मी.

मग मूळ अभ्यासाला सुरुवात केली, आणि मला कळलं की आपल्याला जे येतं असं वाटतं, ते कुणी प्रश्न विचारेपर्यंतच येत असतं.

"फ्रेंड रिक्वेस्ट म्हणजे मैत्रीसाठी केलेला अर्ज," मी म्हणालो.

"कुनाकडं करायचा?" ठकुबाई.

"ज्याच्याशी मैत्री करायची त्याच्याकडे."

"मंग त्यो न्हाई म्हनला तर?"

"तर काही कळत नाही. अर्ज नुसता पडून राहतो."

"तलाठ्यागत," ठकुबाई म्हणाल्या, आणि एवढं एक त्यांना अगदी स्पष्ट समजलं.

लाईक म्हणजे पसंती, असं सांगितल्यावर शालनबाईंनी विचारलं, की मग कुणाच्या सासऱ्याच्या निधनाच्या बातमीला साठ लोकांनी पसंती कशी दिली? मी म्हणालो, तिथे त्याचा अर्थ दुःख झाले असा घ्यायचा. त्या म्हणाल्या, मग दुःखाला वेगळं बटण आहे की रडक्या तोंडाचं. मी म्हणालो, हो, ते जास्त दुःख झालं तर. जास्त कुणाला आणि कमी कुणाला, यावर बाहेरून लोणावळ्याची गाडी धडधडत जाईपर्यंत चर्चा चालली. गाडी गेली तेव्हा लाईक म्हणजे काय हे मलाही सांगता येईना.

ठकुबाईंना हे सगळं का शिकायचं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांचा नातू निरंजन, समाधानचा मुलगा, जर्मनीत नोकरीला आहे. त्याला मुलगा झाला होता. सूनबाई बाळंतपणासाठी तिकडेच गेलेल्या. येत्या रविवारी बारसं होतं आणि ते तिकडून फेसबुकवर सगळ्यांना दाखवणार होते. निरंजनने आजीला नवा फोन घेऊन दिला होता आणि सांगितलं होतं, आजी, तू फेसबुकवर ये आणि तिथूनच पाळणा म्हण.

"ह्या घरातल्या समद्या पोरांचा पाळना मी म्हनलाय, सर," ठकुबाई म्हणाल्या. "निरंजनचा, योगिनीचा, भावकीतल्या चाळीस पोरांचा. दर येळेला नवा रचते. पनतूचा ऱ्हायला तर मंग काय उपेग?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "नाव बी ठरलंय. आत्याचा मान, म्हनून योगिनीनं ठरिवलंय. बाळाच्या आईबापाला बी ठावं न्हाई. पाळन्यात बसवायचं म्हनून मला एकटीला सांगितलंय."

योगिनी म्हणजे निरंजनची बहीण, वाकडला राहणारी. मी छातीवर हात ठेवून ठकुबाईंना शब्द दिला, की रविवारच्या आत तुम्ही फेसबुकवर असाल. असे शब्द मी कंपनीत कधी देत नसे. तिथे आधी गेज लावायचो.

लगेच त्यांचं खातं उघडायला घेतलं. ठकुबाईंच्या नव्या फोनात सिम नव्हतं, तो घरच्या वायफायवर चालायचा. त्यामुळे ओटीपी गेला समाधानच्या नंबरवर. समाधान होता फर्स्ट शिफ्टला, आणि त्याच्या कंपनीत फोन गेटवरच लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तो तीनला सुटणार. मग संध्याकाळी करू म्हटलं, तर ठकुबाई म्हणाल्या, लेक दमून येतो, झोपलेल्याला उठवायचं न्हाई. सकाळी तो साडेपाचलाच बाहेर. म्हणजे ओटीपी येई तेव्हा आजी नाहीत आणि आजी असतील तेव्हा ओटीपी लॉकरमध्ये.

"काही हरकत नाही," मी म्हणालो. "तोवर माझ्या खात्यावर सराव करू."

बुधवारचा विषय होता लाईव्ह. मी माझा फोन एका स्टूलवर उभा केला, ठकुबाईंना समोर बसवलं आणि बटण दाबलं. आता तुम्ही विचाराल, सरावासाठी खरं बटण कशाला दाबलं? कारण हा पहिला नग होता! तो तयार होणार, मग माझ्यासमोर येणार, मग फेसबुक मला विचारणार की सोनटक्के, हे बाहेर सोडू का? आणि मी नाही म्हणणार. माझ्या डोक्यात दुसरी शक्यताच आली नाही.

मी ठकुबाईंना नुसतं एक दोन तीन म्हणा असं सांगणार, इतक्यात शालनबाई दारातून ओरडल्या, "पाचारणे आले! भजन म्हणा, भजन!"

मी टाळ उचलले. शालनबाईंना एकही अभंग आठवेना. पाचारणे दारात उभे राहून पंखे मोजत होते. ठकुबाई क्षणभर गोंधळल्या, आणि मग डोळे मिटून त्यांना त्या घडीला जे तोंडपाठ होतं तेच त्यांनी सुरू केलं.

*"पहिल्या दिशी हाक आली, जर्मनीच्या देशी,*
*पनतू माझा जल्मा आला, बर्फाच्या उशाशी, जो जो रे…"*

काय आवाज होता तो! मी टाळ वाजवायचे विसरलो. पाचारण्यांनी चपला काढल्या, आत येऊन बसले आणि मान हलवायला लागले. ठकुबाई एकेक दिवस मोजत पुढे गेल्या आणि शेवटाला आल्या.

*"पाचव्या दिशी पाचवी पुजली, फोनाच्या पडद्यात,*
*बाराव्या दिशी नाव ठेवलं, रिवांश पाळन्यात, जो जो रे…"*

"छान. कुठल्या संतांचं?" पाचारण्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नमस्कार करून गेले.

"सर, तुमच्या फोनातून बदाम उडतायत," शालनबाई म्हणाल्या.

खरंच उडत होते. लाल लाल बदाम खालून वर जात होते. मी सही कुठे करायची ते शोधत वाकलो. तेवढ्यात वरून विजयश्रीचा फोन आला, शालनबाईंच्या फोनवर.

"अहो, तुम्ही फेसबुकवर दिसताय."

"तो सराव आहे. अजून पास केलेला नाही मी."

"सरावाला दोनशे बारा लोक बसलेत. आणि जरा मागे व्हा, नुसत्या नाकपुड्या दिसतायत."

यानंतर मी जे केलं ते घाबरलेल्या माणसाने केलं असं समजून माफ करावं. मला तो व्हिडिओ बाहेर काढून टाकायचा होता. पडद्यावर एका बटणावर बाहेर जाणारा बाण होता. मी तो दाबला. फेसबुकने विचारलं, कुठे? मी म्हटलं, कुठेही, पण इथून जाऊ दे, आणि पुढे येईल त्या प्रत्येक चौकोनात खूण केली. अशा तऱ्हेने ठकुबाईंचा पाळणा चाकण माजी कामगार मंच आणि आपलं महाळुंगे या दोन्ही ठिकाणी, एकूण अकरा हजार लोकांकडे, माझ्या नावाने आणि माझ्या गॉगल लावलेल्या फोटोसकट रवाना झाला. तो काढून टाकायला विजयश्रीला खाली यावं लागलं. तिला वीस सेकंद लागले. तोपर्यंत लोकांनी तो आपापल्या फोनात उतरवून घेतला होता.

ठकुबाई मात्र आनंदात होत्या. त्यांना वाटलं, वर्गात पाळणा बरा झाला. मी त्यांना काही सांगितलं नाही. धीरच झाला नाही, हे खरं.

गुरुवारी सकाळी जुन्या कंपनीतल्या एकाचा फोन आला. "सोनटक्के साहेब, नाव बदललं काय?"

मी स्कूटर काढून महाळुंगेला गेलो. चौकात कंपन्यांच्या बसेस वळतात तिथे, सगळ्यांना दिसेल असा, तो फ्लेक्स होता. वर भगव्या अक्षरांत, आमच्या घराण्याचे भूषण. मधोमध मी. गॉगल, बारीक मिशी, मागे महाबळेश्वरचा पॉईंट. माझ्याखाली, जर्मनीस्थित चि. रिवांश यांचे हार्दिक स्वागत. आणि त्याखाली गोल चौकटींमध्ये बावीस शुभेच्छुक. फ्लेक्सखाली पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा उभा राहून तो कौतुकाने बघत होता. नाव विचारलं, तर हाच ठकुबाईंचा दीर कोंडीराम.

"कोंडीरामभाऊ, अहो हा फोटो माझा आहे!"

त्याने एकदा वर आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "व्हय की राव! तुमीच हाय."

"मग बाळाच्या नावाखाली मी कसा?"

"त्या व्हिडूसंगं तुमचाच फोटो व्हता. बाळाचा फोटो कुनाकडंच न्हाई. आता नुसत्या नावाचा फ्लेक्स बरा दिसतो व्हय? मानूस लागतं त्यात." मग माझी समजूत काढत म्हणाला, "वैनीचा पनतू हाय, साधी गोष्ट हाय का? काढू म्हना, पन रईवार झाल्यावर. पोरांनी वर्गणी काढलीय."

परत आलो तर ठकुबाई आमच्या दाराशी पायरीवर बसलेल्या. दुपारी समाधानने फोन आणून दिला होता आणि त्यावर योगिनी होती. वाकडमध्ये ऑफिसातल्या कुणीतरी तिचं अभिनंदन केलं होतं, बाळाचं नाव घेऊन. आत्याने कानात सांगायचं नाव आत्याच्या आधी अकरा हजार लोकांना कळलं. ती आजीला काय बोलली ते ठकुबाईंनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "रईवारी येनार न्हाई म्हनली. आत्याच न्हाई तर बारसं कसलं? मी बी न्हाई गानार आता. चाळीस पोरांचा झाला, लई झालं."

"आजी, चूक माझी आहे."

"तुमची कशी? गायले मी." आणि त्यांनी तो नवा फोन डब्यासकट माझ्या हातात ठेवला. "ह्यो ठेवा तुमच्याकडं. वर्गाला व्हईल."

त्या गेल्या. मला फार वाईट वाटलं. कंपनीत माझ्या हातून सुटलेला खराब नग परत मागवता यायचा, त्याची पद्धत असते, कागद असतो. इथे काय परत मागवणार?

"जा आणि त्या मुलीला भेटा," विजयश्री म्हणाली. "आणि फोनवर नको. जे काय फोनवर व्हायचं ते झालंय."

शनिवारी वाकडला गेलो. योगिनीची इमारत तेवीस मजली. गेटवरच्या गार्डने मला नाव न विचारता एक पाटी दाखवली. पाहुण्यांनी ॲपवर नोंद करावी. मी, फेसबुकच्या शिक्षकाने, उन्हात उभं राहून ते ॲप उतरवलं. त्याने भेटीचे कारण विचारलं. चार पर्याय होते. डिलिव्हरी, कॅब, दुरुस्ती, पाहुणा. माफी मागण्यासाठी असा पर्याय नव्हता. मला आपण पाहुणे आहोत असं म्हणवेना, म्हणून दुरुस्तीवर बोट ठेवत होतो ते डिलिव्हरीवर पडलं. मिनिटभरात उत्तर आलं, नाकारले. आमची काही ऑर्डर नाही.

मग पाहुणा. त्याने माझा फोटो मागितला. मी काढला. या वेळी लगेच आत सोडलं.

"फोटो बघून ओळखलं," दार उघडत योगिनी म्हणाली. "तुम्ही ते फ्लेक्सवाले काका ना?"

तिशीतली मुलगी, कानात तो वायर नसलेला हेडफोन, डोळे लाल. मी पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाचारणे, टाळ, पहिला नग, बाण. आजीची काही चूक नाही, हे तीन वेळा सांगितलं. ती हसली नाही आणि रागावलीही नाही.

"नाव फुटलं त्याचं राहू द्या, काका. मी काय काम करते माहितीय? मोठ्या कंपन्यांना सोशल मीडिया कसा वापरायचा ते शिकवते. पगार घेऊन. आणि माझी आजी शेजारी कुणाकडे तरी शिकायला जाते. मला एका शब्दाने विचारलं नाही तिने. मला त्याचा राग आलाय."

मला खरं तर गप्प बसता आलं असतं.

"विचारलं होतं," मी म्हणालो. "दोनदा. त्यांनीच सांगितलं मला. एकदा तुमची मीटिंग चालू होती. दुसऱ्यांदा तुम्ही त्यांना एक व्हिडिओ पाठवलात, यात बघून कर म्हणून."

"मग? त्यात सगळं सोपं करून सांगितलंय."

"हो. पण तो उघडायचा कसा, तेच त्यांना शिकायचं होतं."

योगिनीचा फोन दोनदा वाजला. तिने उचलला नाही. येते किंवा येत नाही, काहीच म्हणाली नाही. मी ग्लास ठेवला आणि निघालो. बाहेर पडतानाही त्या ॲपने मला किती तारे देता म्हणून विचारलं. कशाला द्यायचे ते कळलं नाही म्हणून पाच दिले.

रविवारी मी सकाळी सहालाच हॉल उघडला. जर्मनीतले दहा म्हणजे आपले दीड, हे मला माहीत होतं, पण शालनबाईंनी साडेतीन तास उलटे धरून सोसायटीभर साडेसहाची वेळ सांगितली होती. त्यामुळे काही मंडळी अंघोळ न करताच येऊन गेली. एक वाजता मात्र हॉल भरला. शालनबाईंनी घुगऱ्या करून आणल्या. महाळुंगेहून कोंडीराम आला. पाचारण्यांनी रजिस्टरमध्ये भजनी मंडळाचा वार्षिक उत्सव अशी नोंद केली आणि पहिल्या रांगेत बसले. ठकुबाईंना समाधान हाताला धरून घेऊन आला. "नुसतं बघते," त्या म्हणाल्या आणि मागे भिंतीशी बसल्या.

मी टीव्हीला फोन जोडायला घेतला. टीव्हीवर बातम्या लागल्या, मग माझ्या फोनातले गुडघेदुखीचे एक्स-रे लागले. एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती आणि मला घाम फुटला होता.

"काका, सरका," मागून आवाज आला.

योगिनी होती. नऊवारी नेसून, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. तिने दोन बटणं दाबली आणि टीव्हीवर जर्मनी उघडली. पाळणा, निरंजन, त्याची बायको, समाधानची बायको आणि दुपट्यात गुंडाळलेलं एक लालबुंद बाळ. योगिनीने मागे जाऊन आजीला उठवलं, पुढे आणून खुर्चीवर बसवलं.

तिकडे निरंजनने फोन बाळाच्या कानाशी नेला. इकडे योगिनी माईकपाशी वाकली. "कुर्र…" म्हणाली, आणि नाव सांगितलं.

"भैरव."

शालनबाईंनी प्रथेप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, जरा जास्तच जोरात, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "अगं, रिवांश ना?"

"ते सगळ्यांचं झालं," योगिनी म्हणाली. "हे मी आज सकाळी ठरवलं. आजोबांचं."

कोंडीराम ताडकन उभा राहिला. "दादाचं नाव! भैरूदादाचं!"

हॉलमध्ये एकदम गलका झाला. जर्मनीत समाधानची बायको डोळे पुसायला लागली. मी ठकुबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला होता. योगिनी त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आजी, म्हण ना पाळणा."

ठकुबाईंनी टीव्हीतल्या बाळाकडे पाहिलं. मग त्यांनी सुरू केलं. जर्मनीचा देश, बर्फाची उशी, सगळं तसंच. पाचवी पुजून झाली.

*"बाराव्या दिशी नाव ठेवलं…"*

आणि आवाज थांबला. पडद्यावर सगळे स्तब्ध. मला वाटलं, नेट अडकलं. मी वायर हलवून बघितली. वायर ठीक होती. नेटही ठीक होतं. तिकडे बाळाने जांभई दिली ती इथे स्पष्ट दिसली.

"वैनी," कोंडीराम हळूच म्हणाला. "घ्या. पनतूचं हाय आता."

ठकुबाईंनी डोळे मिटले.

*"बाराव्या दिशी नाव ठेवलं, भैरू माझा पाळन्यात, जो जो रे…"*

पुढचं मला नीट दिसलं नाही. माझ्या चष्म्यावर वाफ आली होती. घुगऱ्या गरम होत्या.

फ्लेक्सचं मात्र राहिलं. रविवारनंतर काढू म्हणाले होते, पण बाळाचं नाव बदलल्यावर तो फ्लेक्स काढायची जबाबदारी कुणाची, यावर महाळुंगेत अजून एकमत झालेलं नाही. ते नाव आता कुणाचंच नाही आणि फोटो माझा आहे, त्यामुळे चौकातले लोक ते माझंच समजतात. परवा पेन्शनच्या कागदासाठी कंपनीत गेलो, तर चहावाला म्हणाला, "या रिवांशराव, बसा." गेटवरच्या वॉचमननेही रजिस्टरमध्ये तेच लिहिलं. मी खाली सही केली.

सोमवारी वर्गाला ठकुबाई सगळ्यांच्या आधी आल्या. आपला फोन त्यांनी परत मागून घेतला होता. हातात सहीसाठी मी त्यांच्याकडे दिलेला तो प्रवेश अर्ज होता, चार घड्या घातलेला.

"सर, ह्यातला एक रकाना कोरा ऱ्हायला व्हता."

"राहू द्या आजी. फेसबुकला तो लागत नाही."

"लागत न्हाई कसा? पुरं नाव नको व्हय?" त्या खुर्चीवर ताठ बसल्या आणि हॉलभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणाल्या, "लिवा. ठकुबाई भैरू."

मी अर्जावर लिहिलं, मग फोनवर टाईप केलं. शिक्षकाचं काम म्हणून सावधही केलं. "हे सगळ्यांना दिसेल बरं का. आधी तपासून वगैरे कुणी घेत नाही."

"दिसू द्या की."

मी बटण दाबलं. ओटीपी समाधानच्या नंबरवर गेला. समाधान फर्स्ट शिफ्टला होता आणि फोन लॉकरमध्ये.

"तीनला सुटतो त्यो," ठकुबाई म्हणाल्या. "थांबू."

आम्ही दोघं तीन वाजेपर्यंत तिथेच बसून राहिलो.